दोन ते आठ अंश

खोक्यावर छापलंय : दोन ते आठ अंशांत ठेवा, गोठवू नका.
वेंगुर्ल्यात वीज जाते ती विचारून जात नाही.
पहिल्या खेपेला तीन इंजेक्शनं अशीच कोमट झाली,
गुरुनाथच्या रिक्षाच्या चार हप्त्यांएवढी.

तेव्हापासून ती शेवंती गिरपच्या पेटीत असतात.
तिची लादी पहाटेच येते बर्फाच्या कारखान्यातून.
स्टीलचा डबा, डब्याला फडकं,
खाली बांगडे, क्वचित एखादी सुरमई.
बर्फाला थेट टेकलं तर वाया जातं, मी तिला सांगितलं.
बांगड्याचाही तसाच आसता, ती म्हणाली.
रात्री सुई टोचून घेते तेव्हा
पोटाला बंदराचा वास येतो.
गुरुनाथ म्हणतो, डॉक्टरणीला सांगू नकोस.

शेवंतीनं एकदाच विचारलं होतं,
"साखर आसा काय गो तुका?"
मी होय म्हटलं.
दुसऱ्या दिवसापासून ती मला
परसातली कारली आणून देऊ लागली.

माझं काम कलमांचं. काजूची.
अठरा पावसाळे त्याच रोपवाटिकेत,
हात चालला तर दिवसाला दोनशे चाळीस.
खुंट दीड-दोन महिन्यांचा, काडी मात्र जाणत्या झाडाची.
जाणत्या म्हणजे ज्यानं ऊन, वारं, खार पाहिलाय.
पाचर मारायची, पट्टी आवळायची, वर पिशवीची टोपी,
आणि मग हात लावायचा नाही.
शंभरातली साठ-सत्तर लागतात.
न लागलेलं मी उपटते, माती परत ढिगावर.
खुंटाला कधी विचारलं नाही
दोष तुझा की काडीचा.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
त्रेचाळिसाव्या वर्षी शंभरात दहा. फार तर बारा.
मी खुर्चीत बसून मनात हिशेब केला :
दोनशे चाळिसाला पंचवीस रोपं,
वाफ्याची एक सबंध ओळ.
वाईट नाही.
मग आठवलं, मला एकच बांधायचंय.

एवढा उशीर का केलात, हेही विचारलं त्यांनी.
लग्नच झालं एकोणचाळिसाव्या वर्षी.
त्याआधी कुणी विचारलं नव्हतं.
फॉर्मवर याला रकाना नाही.

आंबोलीच्या घाटात एसटीचा कंडक्टर ओळखू लागलाय.
"परत कोल्हापूर?"
"अंबाबाई," मी म्हणते.
"नवस मोठो दिसता," म्हणत तो तिकीट फाडतो,
आणि मी वळणावळणावर पोट धरून बसते,
जसं काही सांडेल.

चौदाव्या दिवशी सावंतवाडीत रक्त दिलं.
संध्याकाळी फोनवर कागद आला.
शून्य असं लिहीत नाहीत ते.
एक पूर्णांक दोनपेक्षा कमी, असं लिहितात.
गुरुनाथनं चष्मा पुसून दोनदा वाचला,
मग बाहेर जाऊन
धुतलेली रिक्षा परत धुतली.

मी बाजारात गेले डबा आणायला.
दोन आठवडे झाले, तो रिकामाच होता,
टोचायची होती ती कधीच संपली होती.
झाकण उघडलं तर फडकं कोरडं, धुतलेलं,
आणि भोवती आजचा ताजा बर्फ.

"शेवंती, मला साखर नाही."
"म्हायत आसा माका."
ती बांगड्याचं पोट साफ करत होती, मान वर न करता.
"कारली खाल्लंस मा पण?"

खाल्ली. सगळी.
मी डब्याला हात घातला,
तिनं खवल्यांनी भरलेला हात माझ्या हातावर ठेवला.

"रवांदे थयच.
लायट काय, परत जातलीच."